आधी मोजू द्या, लिहिणं नंतर

सिनिअर केजीतल्या मुलाची वही उघडली आणि त्यात वन टू हंड्रेड चार-चार वेळा सुबक लिहिलेलं दिसलं की घरचे सगळे खूश होतात. मला मात्र काळजी वाटते. गेली बावीस वर्षं मी इथे वडोदऱ्यात दांडिया बाजारात घरीच लहान मुलांच्या शिकवण्या घेतेय, बहुतेक पहिली-दुसरीची पोरं, निम्मी मराठी घरांतली आणि निम्मी गुजराती, शाळा जवळजवळ सगळ्यांची इंग्लिश मीडियम. एवढ्या वर्षांत जे डोळ्यांनी बघितलं त्यावरून माझं मत पक्कं झालंय की आपण अंक कागदावर फार लवकर आणतो, आणि पुढे चौथी-पाचवीत जे "याला मॅथ्स जमतच नाही" म्हणून रडगाणं सुरू होतं त्याचं मूळ बऱ्याचदा इथेच असतं.

मागच्या जूनमधे एक मुलगा आला, साडेपाच वर्षांचा. शंभरपर्यंत न अडखळता म्हणतो, लिहितो पण, बॅकवर्ड काउंटिंग पण येतं, असं आईनं सांगितलं आणि ते सगळं खरंच होतं. मी त्याच्यासमोर चिंचोक्यांचा डबा ठेवला आणि म्हटलं, यातले सात दे मला. त्यानं मूठभर काढून माझ्या हातावर ठेवले. हे सात आहेत का, तर हो म्हणाला. मग मोजायला सांगितलं तर बोट एका वेगानं चाललंय आणि तोंड दुसऱ्याच, दोन चिंचोके सुटले, एक दोनदा मोजला गेला, शेवटी थर्टीन म्हणून थांबला. मी विचारलं, मग किती आहेत एकूण? तर त्यानं परत वन पासून सुरुवात केली.

हे "परत वन पासून" फार महत्त्वाचं आहे. मोजताना शेवटी जो शब्द येतो तोच "एकूण किती" चं उत्तर असतो हे आपल्याला इतकं उघड वाटतं की ते मुलाला कळावं लागतं हे आपल्या डोक्यातच येत नाही. त्या मुलासाठी वन टू थ्री हे एक गाणं होतं, आणि "किती" विचारलं की ते गाणं म्हणायचं असतं इतकंच त्याला माहीत होतं. बालमानसशास्त्रवाले १९९० च्या आसपासपासून यावर काम करतायत, त्यांची टेस्ट पण अशीच साधी, मुलाला म्हणायचं मला एक दे, दोन दे, तीन दे, आणि काय देतो ते बघायचं. त्यातून असं दिसलं की मुलं आधी फक्त "एक" चा अर्थ पक्का करतात, मग काही महिन्यांनी "दोन" चा, मग "तीन" चा, आणि त्यानंतर कधीतरी अचानक सगळं मोजण्यामागचं तत्त्व त्यांना सापडतं, तोवर तोंडानं वीसपर्यंत म्हणता येत असलं तरी. म्हणजे म्हणता येणं आणि कळणं यामधे बराच मोठा काळ जातो आणि तो काळ मुलाला द्यावाच लागतो. आपण तो वेळ लिहिण्यात घालवतो. तीन वर्षांच्या पोराच्या हातात पेन्सिल देऊन ८ चा आकडा गिरवून घेतो, त्याला आठ म्हणजे केवढे हे ठाऊक नसताना.

आणि याचा फटका लगेच दिसत नाही ना, तीच तर अडचण आहे. केजीत दिसत नाही, पहिलीतही पाठांतरावर निघून जातं, दुसरीत हातच्याची बेरीज आली की गाडी अडते. २७ अधिक १५. सात नि पाच बारा, बाराचे दोन, हातचा एक. आपल्या भाषेनं किती नेमका शब्द दिलाय बघा, हातचा, हातात धरलेला, पण मुलाच्या हातात काहीच नसतं, वहीच्या कोपऱ्यात एक छोटा १ लिहायचा असतो. आणि तो एक काही एक नसतो, दहा असतो. हे ज्याला कोणी हातात देऊन दाखवलेलं नाही तो पोरगा ३१२ असं उत्तर लिहितो, दोन आणि एक तीन, पुढे बारा, आणि २७ मधे १५ मिळवून तीनशे कसे होतील हा प्रश्न त्याला पडत नाही कारण सत्तावीस म्हणजे साधारण केवढे याचं चित्रच त्याच्या डोक्यात नाहीये. मी आइस्क्रीमच्या काड्या आणि रबर बँड घेऊन बसते. दहा काड्या झाल्या की रबर लावायचं, गठ्ठा डावीकडे ठेवायचा, सुट्या उजवीकडे. वजाबाकीत सुट्या कमी पडल्या की गठ्ठ्याचं रबर काढायचं. गुजरातीत या उसन्या घेण्याला दशको म्हणतात, म्हणजे त्या शब्दात दहा निदान दिसतो तरी, माझ्याकडची गुजराती मुलं हे दशको काड्यांवर फार पटकन पकडतात असा माझा अनुभव आहे. पंधरा-वीस दिवस नुसत्या काड्या, वही अजिबात नाही. मग वही काढली की तीच मुलं आठवड्याभरात सगळे दाखले सोडवतात.

आता भाषेचं बोलते कारण बडोद्यातल्या आपल्या मराठी मुलांसाठी ही गोष्ट जास्तच गुंतागुंतीची आहे. घरी आजी पंचवीस म्हणते, शाळेत ट्वेंटी फाइव्ह, खाली दुकानात पच्चीस. पंचवीस आणि पच्चीस दोन्हीत पाच आधी ऐकू येतो आणि वीस नंतर, लिहिताना मात्र २ आधी, त्यामुळे ऐकून लिहिणारं मूल ५२ लिहून ठेवतं आणि आपण त्याला "लक्ष कुठेय" म्हणून ओरडतो, खरं तर त्यानं नीट लक्ष देऊन जे ऐकलं तेच लिहिलेलं असतं. एकोणनव्वद घ्या. मराठीत आपण नव्वदाकडून बघतो, नव्वदाला एक कमी, आणि गुजरातीत ८९ ला नेव्यासी म्हणतात, म्हणजे नऊ आणि ऐंशी. इंग्लिशमधे एटी नाइन. एकाच संख्येकडे तीन बाजूंनी बघायचं आणि वय सहा वर्षं. मोठ्या माणसालाही हे सांभाळणं सोपं नाही.

महाराष्ट्रात २०१९ मधे बालभारतीनं दुसरीच्या पुस्तकात वीस एक, वीस दोन अशी वाचायची पद्धत आणली होती, गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या, आणि त्यावर केवढा गदारोळ झाला, चेष्टा झाली, भाषा बुडाली म्हणून लोक बोलले. मला तेव्हाही ती चेष्टा आवडली नव्हती. एकवीस-बावीस टाकून द्यावेत असं माझं म्हणणं नाहीच, घरात आजोबांनी बासष्ट म्हटलं तर नातवाला ते कळायलाच हवं. पण बासष्ट म्हणजे साठ आणि दोन हे एकदा स्पष्ट तोंडानं म्हणून घेतलं तर मुलाला केवढा आधार मिळतो हे मी रोज बघते. मी दोन्ही म्हणून घेते, बासष्ट, म्हणजे साठ दोन, म्हणजे सहा गठ्ठे आणि दोन सुट्या.

एक गंमतीची गोष्ट, गमतीची आणि कामाची पण. आपण पाढा म्हणताना दोन एके दोन म्हणत नाही, बे एके बे म्हणतो, आणि गुजरातीत दोनला बे च म्हणतात. पुण्या-मुंबईच्या मुलाला हा बे कुठून आला ते माहीत नसतं, आपल्या बडोद्याच्या पोराला मात्र तो रिक्षावाल्यापासून भाजीवाल्यापर्यंत दिवसभर ऐकू येतो, गरब्यात बे ताळी, त्रण ताळी तो पावलांनी मोजतो. म्हणजे आपल्या मुलांकडे हे सगळं आयतं आहे आणि शाळेत आपण त्याला सांगतो की इथे फक्त टू म्हण. नवीन शिक्षण धोरण २०२० मधे आलं, त्यात स्पष्ट म्हटलंय की शक्य तिथे निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेत शिकवावं. शाळा इंग्लिशच राहणार हे मी मान्य केलंय, माझ्या स्वतःच्या मुलीलाही मी इंग्लिश मीडियमलाच घातलं होतं, त्यामुळे कोणाला दोष देत नाही. पण मोजणं तरी एका भाषेत आधी पक्कं होऊ द्या, घरी जी बोलता त्या भाषेत, दुसरे शब्द त्यावर नंतर आपोआप चढतात. उलटं केलं तर चढत नाहीत, कारण खाली काहीच नसतं.

आणि हे काही फक्त माझ्या घरातल्या आठ-दहा पोरांचं नाही. असर नावाचा सर्व्हे २००५ पासून होतो, गावांमधे घरोघरी जाऊन मुलांना बसवून वाचायला नि गणित करायला देतात. २०२४ च्या असरमधे देशभरातल्या गावांतल्या तिसरीच्या मुलांपैकी ३३.७ टक्केच मुलांना निदान हातच्याची वजाबाकी येत होती, म्हणजे तिघांत एक. आणि ही गेल्या काही वर्षांतली सुधारलेली स्थिती आहे, २०२२ मधे तर २५.९ टक्केच होते. शहरांतली मुलं यात नाहीत हे खरं, पण त्यामुळे शहरवाल्यांनी निश्चिंत राहावं असं मला वाटत नाही.

२०२५ मधे नेचर या विज्ञान साप्ताहिकात एक अभ्यास आला, अभिजित बॅनर्जी आणि एस्थर ड्युफ्लो हे अर्थतज्ज्ञ त्यात होते, कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारात काम करणाऱ्या मुलांवर. ती मुलं गिऱ्हाइकाला बटाटे-कांद्यांचा हिशोब तोंडी, भरभर आणि बरोबर करून सुटे पैसे परत देत होती, पण तेच गणित शाळेच्या पद्धतीनं कागदावर मांडून दिलं की अडकत होती. आणि शाळेत जाणारी मुलं कागदावर बरी होती पण बाजारातला हिशोब त्यांना जमत नव्हता. हे वाचल्यावर मी बराच वेळ नुसती बसून राहिले होते. दोन्हीकडची मुलं हुशार, दोघांकडे अर्धं-अर्धं गणित, आणि त्या दोन अर्ध्यांमधे पूल बांधायचं काम कोणी करत नाही. हा पूल पहिली-दुसरीतच बांधायचा असतो, नंतर फार जड जातं.

पूर्वी तो पूल घरातच होता असं मला वाटतं. लोक म्हणतात आमच्या वेळी पाठांतरच होतं आणि आमचं काही बिघडलं नाही. माझे आजोबा पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी असे अपूर्णांकांचे पाढे सगळे म्हणायचे. पण तेव्हा रुपयाचे सोळा आणे होते आणि आण्याचे चार पैसे, शेर-पावशेर होते, दशमान नाणी १९५७ मधे आली तोवर दुकानात उभं राहून पाव नि पाऊण चा हिशोब रोज करावा लागायचा. म्हणजे जे पाठ व्हायचं ते संध्याकाळी हातानं वापरलं जायचं. आता पाठांतर राहिलंय आणि वापरणं गेलंय. मी पाढ्यांच्या विरोधात अजिबात नाही, पाढे यायलाच हवेत, तिसरीपर्यंत दहापर्यंतचे तोंडावर असायला हवेत, फक्त चार त्रिक बारा म्हणजे चार मुलांना तीन-तीन बिस्किटं हे आधी ताटलीत मांडून झालेलं असावं.

आणि वापरणं अजून एका गोष्टीमुळे गेलंय ज्याच्याकडे फारसं कोणी बघत नाही. सुटे पैसे गेले. माझ्या मुलीच्या लहानपणी तिला मी वीसची नोट देऊन खालून कोथिंबीर आणायला पाठवायचे, ती येताना किती परत आले ते मोजत जिने चढायची. आता आपण खंडेराव मार्केटात भाजी घेतो आणि मोबाइल काढून स्कॅन करतो, टुणकन आवाज येतो आणि व्यवहार झाला. मोठ्यांची सोय झाली यात वाद नाही, पण मुलाच्या समोरून नोट जाणं, नाणी परत येणं, ती तळहातावर मोजणं हे सगळं दिसेनासं झालं. माझ्याकडे दुसरीत असलेल्या एका मुलीला दहाच्या नोटेचे पाच-पाचचे किती होतील हे सांगता आलं नाही कारण तिनं पाचचं नाणं कधी हातात नीट धरून बघितलंच नव्हतं. म्हणून माझी सगळ्या पालकांना हात जोडून विनंती आहे की आठवड्यातून दोनदा तरी कॅश वापरा आणि मुलाला द्यायला लावा. दोन मिनिटं जास्त लागतील, मागचा माणूस थोडा थांबेल.

आपल्या गावात तर संधींची कमतरताच नाही. उत्तरायणाच्या आधी गेंडीगेटला पतंग घ्यायला जाता ना, तिथे पतंग डझनावर मिळत नाहीत, पाचाचा पंजो आणि विसाची कोडी. चार पंजे म्हणजे एक कोडी हे सहा वर्षांच्या पोराला कोणी शिकवायला लागत नाही, त्याला पतंग हवे असतात म्हणून तो स्वतः शिकतो. एक कोडी घेतली, त्यातले तीन फाटके निघाले, किती राहिले, चुलतभावाला एक पंजो दिला तर किती, हे सगळं गच्चीवर होतं. गणपतीत एकवीस दूर्वांची जुडी मुलांकडून बांधून घ्या. सापशिडी खेळा, पण फासा पडल्यावर चार पडले की "एक दोन तीन चार" म्हणून न चालता ज्या घरात आहे त्याच्या पुढचे आकडे म्हणत चालायला लावा, बारावर असेल तर तेरा, चौदा, पंधरा, सोळा. अमेरिकेत रमाणी आणि सीगलर या दोघांनी २००८ मधे गरीब घरांतल्या चार-पाच वर्षांच्या मुलांना एका ओळीत एक ते दहा घरं असलेला पट असाच खेळायला लावला होता, सगळा मिळून तासभराचा खेळ, आणि मुलांची आकड्यांची समज स्पष्ट वाढली आणि काही आठवड्यांनी तपासलं तेव्हा टिकलेली होती. हे सगळं जवळजवळ फुकटात होतं. पाचव्या वर्षी ॲबॅकसच्या क्लासला हजारो रुपये भरणारे पालक मला भेटतात, मी त्यांना एवढंच म्हणते की जरा थांबा, आठवीतल्या दादाला जमतं तसं भरभर याला जमायच्या आधी याला सात म्हणजे सात कळू दे.

बोटांवर मोजतो म्हणून मुलांना रागावतात त्याचंही मला वाईट वाटतं. बोटं ही मुलाची पहिली पाटी आहे. आपल्या आज्या पेरांवर जप मोजायच्या, त्यांना कोणी हसलं नाही. सहा-सात वर्षांच्या मुलाला बोटं वापरू द्या, गरज संपली की ती आपोआप सुटतात, जबरदस्तीनं सोडवली तर मूल टेबलाखाली लपवून मोजतं आणि वर भीती वाढते.

यात बडोद्याला काही नवीन सांगायची गरज नाही खरं तर. सयाजीराव महाराजांनी १८९३ मधे अमरेलीत सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू करून बघितलं आणि १९०६ मधे सगळ्या राज्यात लागू केलं, देशात इतर ठिकाणी लोक नुसतं बोलत होते तेव्हा. आणि महाराज स्वतः १८७५ मधे कवळाण्याहून दत्तक आले तेव्हा बारा वर्षांचे होते, लिहिता-वाचता येत नव्हतं. मी पालकांना हे सांगते तेव्हा ते म्हणतात ती वेगळी गोष्ट, वेगळी आहेच, पण साडेचार वर्षांच्या पोराला रिव्हर्स काउंटिंग लिहिता येत नाही म्हणून रात्री रडवणाऱ्या आईनं एकदा ती आठवावी. पुढे भावनगरला बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांनी १९२० मधे बालमंदिर काढलं, आपल्या ताराबाई मोडक त्यांच्याबरोबर तिथे काम करायच्या, नंतर त्यांनी आणि अनुताई वाघांनी बोर्डी-कोसबाडला महागडी साधनं परवडत नाहीत म्हणून शंख, शिंपले, बिया, दगड घेऊन मुलांना शिकवलं. म्हणजे मराठी आणि गुजराती माणसांनी मिळून केलेलं हे काम शंभर वर्षं जुनं आहे आणि आपल्याच दारातलं आहे.

सरकारी धोरण पण आता बऱ्यापैकी याच दिशेला आहे. निपुण भारत २०२१ मधे सुरू झालं, २०२६-२७ पर्यंत तिसरीच्या प्रत्येक मुलाला वाचन आणि आकडेमोडीचा पाया यावा हे त्याचं ध्येय. गुजरातनं २०२३-२४ पासून पहिलीला सहा वर्षं पूर्ण हवीत असा नियम केला, त्याआधी बालवाटिका, त्यावर पालक चिडले होते पण मला तो निर्णय योग्यच वाटला. मग अडतं कुठे? माझ्या मते अडतं ओपन हाउसला, म्हणजे पालक शाळेत येऊन वह्या बघतात त्या दिवशी. मी शाळांतल्या टीचर्सशी बोलते, त्यांतल्या अनेकींना हे सगळं माहीत आहे, बी.एड. ला शिकल्यात, पण त्या म्हणतात ताई, वर्गात चाळीस-पन्नास मुलं, आणि पालक येऊन पहिलं विचारतात की शेजारच्या शाळेत ट्वेंटीचा पाढा झाला, तुमच्याकडे अजून मणीच का ओवतायत. प्रिन्सिपल वही बघतात कारण पालक वही बघतात. पन्नास मुलांत काड्या वाटणं सोपं नाही हे मला मान्य आहे, मी दहांना शिकवताना दमते. तरी बाटल्यांची बुचं घेऊन जोड्या-जोड्यांनी बसवता येतं, एक देतो एक मोजतो, तेवढी पंधरा मिनिटं रोज मिळाली तरी फरक पडतो, पण ती पंधरा मिनिटं वहीत दिसत नाहीत म्हणून ती सगळ्यात आधी कापली जातात.

ॲडमिशनची भीती दाखवतात ती पण जाता जाता सांगते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात शाळेत प्रवेश देताना मुलाची किंवा आईबापांची चाचणी घ्यायला मनाई आहे, त्यामुळे वही भरलेली नाही म्हणून प्रवेश नाही असं कोणी म्हणत असेल तर त्यांना हा कायदा दाखवा.

तेव्हा या वेळी ओपन हाउसला गेलात तर वही मागू नका. टीचरना म्हणा, याला आमच्यासमोर बारा बुचं मोजून द्यायला सांगा, मग त्यावर हात ठेवून पाच काढून घ्या आणि किती उरली ते विचारा. टीचरलाही बरं वाटेल की कोणीतरी हे विचारलं. आमच्या गल्लीतल्या केजीच्या एक बेन मागच्या महिन्यात माझ्याकडून चिंचोक्यांचे दोन डबे घेऊन गेल्या, धुऊन वाळवलेले, पन्नास-पन्नासच्या पुड्या करून. अजून तीन डबे पडलेत. कोणाला वर्गासाठी हवे असतील तर संध्याकाळी सहानंतर येऊन घेऊन जा, सकाळी मुलं असतात.